एका जीपच्या छायाचित्राची ओळख : लो-बॉनेट की हाय-बॉनेट?

पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या जीपगाड्यांच्या हौशी मंडळींचा एक अनौपचारिक गट अशा गाड्यांची जुनी छायाचित्रे गोळा करतो, ती एकमेकांना पाठवतो आणि प्रत्येक छायाचित्रातील गाडी कोणत्या मॉडेलची व साधारण कोणत्या काळातील आहे हे ठरवण्याचा प्रयत्न करतो. गटात गॅरेजवाले आहेत, निवृत्त अभियंते आहेत, स्वतःची जीप नीट करून घेतलेले आहेत आणि ज्यांच्याकडे जीप कधीच नव्हती असेही काही आहेत. या गटाकडे आलेल्या एकाच छायाचित्राचा हा वृत्तांत आहे. छायाचित्रातील कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

छायाचित्र गटात आले तेव्हा त्याखाली एकच ओळ होती : ‘आमच्या आजोबांची दुसऱ्या महायुद्धातील जीप, १९४६.’ चित्रात डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमागे पांढऱ्या शर्टातील एक गृहस्थ बसलेले होते, शेजारी नऊवारीतील एक बाई होत्या, आणि गाडीला टेकून आणखी एक गृहस्थ उभे होते. गाडीचा रंग फौजी हिरवा दिसत होता. बॉनेट, समोरची जाळी, बंपर आणि चाके यांपैकी काहीही चौकटीत नव्हते. कुटुंबात चालत आलेली हकिकत अशी होती, की युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली ही गाडी डिस्पोजलच्या लिलावात घेतली गेली.

ही हकिकत अविश्वसनीय मुळीच नव्हती. युद्धकाळात विलीस कंपनीने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्ड कंपनीने सुमारे २ लाख ८० हजार जीपगाड्या बनवल्या, त्यांपैकी बऱ्याच भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आल्या, आणि युद्धानंतर त्या परत नेण्यापेक्षा इथेच विकून टाकणे सोयीचे ठरले. ऊस बागायतदार, कंत्राटदार, शिकारीचा शौक असलेले संस्थानिक आणि सरकारी खाती अशा सगळ्यांनी त्या घेतल्या. चित्रात स्टिअरिंग डावीकडे होते, रंग हिरवा होता आणि कुटुंबाची आठवण पक्की होती. विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकाळातील मॉडेलांपैकी एक, म्हणजे इथल्या बोलीत सपाट बॉनेटची ‘लो-बॉनेट’, असा निर्णय गटाने फारशी चर्चा न करता दिला, आणि छायाचित्र त्याच मथळ्यासह इतर गटांत पोहोचले.

पहिली शंका एका गॅरेजवाल्याने काढली, आणि ती काचेवरून काढली. युद्धकाळातील जीपच्या पुढच्या काचेचे दोन भाग असतात व त्यांच्यामध्ये उभी पट्टी असते. या चित्रात काच अखंड दिसत होती, शिवाय तिची उंचीही कमी वाटत होती. त्याचे दुसरे निरीक्षण असे, की चालकाच्या बाजूला पत्र्यावर पेट्रोलच्या टाकीचे झाकण बाहेरून दिसत आहे, आणि युद्धकाळातील जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे पेट्रोल भरण्यासाठी आसन उचलावे लागते. बाहेरून झाकण ही नागरी मॉडेलांची, म्हणजे ‘सीजे’ मालिकेची खूण आहे.

या दोन्ही मुद्द्यांना गटाकडून एकच उत्तर मिळाले : ‘नंतर बदललं असेल.’

हे उत्तर भारतीय जीपच्या बाबतीत नेहमीच शक्य असते, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. आपल्याकडे रस्त्यावर टिकून राहिलेली जुनी जीप क्वचितच एका गाडीची असते. विलीसची चासी, फोर्डचा गिअरबॉक्स, महिंद्राचा पत्रा आणि पेट्रोल इंजिन काढून बसवलेले डिझेल इंजिन, हा मेळ इथे अपवाद नसून नियम आहे. वडापसाठी, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीसाठी, मागचा भाग लांबवलेल्या गाड्या आहेत, तशा उसाच्या ट्रॉलीला जुंपण्यासाठी मागून मजबूत केलेल्याही आहेत. अशा गाडीसमोर उभे राहून ती १९६० साली कशी होती हे सांगणे जवळपास अशक्य असते, कारण गाडी फक्त आजची स्थिती दाखवते. छायाचित्राचे महत्त्व इथेच आहे. ते एका ठरावीक दिवशी थांबलेले असते. त्या दिवसानंतर गाडीत काय बदलले याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र ‘नंतर बदललं असेल’ हा युक्तिवाद छायाचित्रालाही लावला, की कोणताही पुरावा निरुपयोगी ठरवता येतो, आणि पहिल्या फेरीत नेमके तेच झाले.

चौकट, बाजू आणि रंग

प्रकरणाला वळण मिळाले ते गाडीमुळे नव्हे, शर्टाच्या खिशामुळे. गटातील एका निवृत्त शिक्षिकेने असे लक्षात आणून दिले, की चालक आणि उभे असलेले गृहस्थ या दोघांच्याही शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे आणि उभ्या गृहस्थांचे घड्याळही उजव्या मनगटावर आहे. एका माणसाची अशी सवय असू शकते, पण दोन्ही शर्ट उलटे शिवलेले असणे संभवत नाही. म्हणजे चित्रच उलटे होते. आरशात दिसावे तसे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले होते. सरळ केल्यावर स्टिअरिंग उजवीकडे आले. एमबी आणि जीपीडब्ल्यू या दोन्ही गाड्या केवळ डाव्या स्टिअरिंगच्या बनत असत, त्यामुळे लो-बॉनेटच्या बाजूचा सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा तिथेच संपला.

गाड्यांचा अभ्यास करणाऱ्या दहा-बारा जाणकारांनी जे पाहिले नाही ते जीपमध्ये रस नसलेल्या एका व्यक्तीने पाहिले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. हौशी माणूस चित्रात आधी गाडी पाहतो, आणि माणसे त्याला गाडीच्या आड आलेली वाटतात.

त्यानंतर चित्र पाठवणाऱ्या तरुणाकडे चौकशी झाली आणि एका चित्रावर एकामागोमाग झालेल्या तीन फेरफारांची साखळी उलगडली. घरात मूळ छापील प्रत आणि निगेटिव्ह दोन्ही होत्या. आजोबांच्या जन्मशताब्दीच्या वेळी भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा आणि आजींचा फोटो हवा होता, म्हणून निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलने टिपली गेली आणि ॲपमधून तिचे काळ्याचे पांढरे केले गेले. फिल्म कोणत्या बाजूने धरायची याचा विचार कोणी केला नाही, त्यामुळे प्रतिमा उलटली. पुढे चेहरे मोठे दिसावेत म्हणून चौकट आवळली आणि गाडीचा पुढचा संपूर्ण भाग कापला गेला. शेवटी एका चुलतभावाने ती प्रत आपोआप रंग भरणाऱ्या ॲपमधून काढली. ॲपला जीपसारखा आकार दिसला आणि त्याने तिला फौजी हिरवा रंग दिला. मूळ कृष्णधवल चित्रात त्या रंगाला काडीचाही आधार नव्हता. घरातील ज्येष्ठांच्या आठवणीप्रमाणे गाडी करड्या रंगाची होती.

यांपैकी एकाही पायरीवर कोणाचा हेतू वाईट नव्हता. जन्मशताब्दीच्या फोटोसाठी चौकट आवळणे अगदी योग्य होते, आणि त्या कामासाठी बंपरचा उपयोगही नव्हता. अडचण अशी झाली, की एका उपयोगासाठी घडवलेली प्रत दुसऱ्या उपयोगासाठी मूळ समजून वापरली गेली. जुनी जीप कापून-जोडून मूळ रूप घालवणाऱ्यांविषयी हळहळ व्यक्त करणारी हौशी मंडळी छायाचित्रांच्या बाबतीत तेच करतात, आणि तिथे त्यांना ते जाणवतही नाही, असे माझे या गटाविषयीच नव्हे, एकूणच मत आहे.

मूळ प्रत काय सांगते

गटाच्या विनंतीवरून कुटुंबाने मूळ छापील प्रत दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवली. ती करवती कडांची, तळहातात मावेल एवढी कृष्णधवल प्रत होती आणि मागे शाईने फक्त ‘कोयना’ एवढेच लिहिलेले होते. पूर्ण चौकटीत गाडीचा पुढचा भाग स्पष्ट होता आणि बॉनेटवर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसलेली होती. बॉनेट पाहिल्यावर मॉडेलविषयीचा वाद उरलाच नाही. ते मडगार्डच्या बरेच वर उचललेले, पेटीसारखे उंच होते, आणि त्याच्या बाजूच्या पत्र्यावर उठावाची अक्षरे होती. जाळीला सात फटी होत्या आणि हेडलाइट जाळीच्या पत्र्यालगत बसवलेले होते. ही सीजे-३बी होती, म्हणजेच आपली ‘हाय-बॉनेट’.

बॉनेट उंच का झाले हे समजून घेतले की तारखेचा प्रश्नही अर्धा सुटतो. युद्धकाळातील जीपचे २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ‘साइड-व्हॉल्व्ह’ पद्धतीचे होते. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये असत, त्यामुळे ते बुटके होते आणि सुमारे ६० अश्वशक्ती देत असे. नागरी वापराच्या सीजे-२ए (१९४५ ते १९४९) आणि सीजे-३ए (१९४९ ते १९५३) या मॉडेलांतही मुळात तेच इंजिन राहिले, म्हणून त्यांचे बॉनेटही सपाटच राहिले. पुढे विलीसने त्याच मापाच्या ब्लॉकवर ‘हरिकेन’ नावाचे इंजिन आणले. त्यात आत घेण्याचा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर गेला आणि बाहेर टाकण्याचा ब्लॉकमध्येच राहिला. ताकद सत्तरच्या वर गेली, पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने नवी गाडी घडवण्याऐवजी बॉनेट आणि जाळी वर उचलली. १९५३ मध्ये बाजारात आलेली सीजे-३बी दिसायला काहीशी बोजड झाली ती यामुळे, आणि तिची पुढची काच तुलनेने कमी उंचीची ठेवली गेली तीही यामुळेच. गॅरेजवाल्याला खटकलेली काच बदललेली नव्हती. ती कारखान्यातून आली तशीच होती.

अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत निघाले आणि त्याच्या दीड लाखाहून अधिक गाड्या बनल्या. भारतात त्याचे आयुष्य याहून मोठे झाले. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली आणि १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालेली कंपनी मुंबईत विलीसच्या परवान्याने जीप जोडत होती, आणि हाय-बॉनेटचा साचा तिने अमेरिकेतील उत्पादन थांबल्यानंतरही अनेक वर्षे चालू ठेवला. उजव्या स्टिअरिंगची सीजे-३बी महाराष्ट्रात दिसली तर ती इथे जोडलेली असण्याचीच शक्यता अधिक.

इथे एक सावधगिरी हवी. बॉनेटची उंची ‘या वर्षाच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. ‘या वर्षानंतरची नाही’ हे सांगत नाही. जीपच्या जवळपास सर्व खुणांचे असेच असते, कारण जुने मॉडेल नवे आल्यावरही वर्षानुवर्षे चालत राहते. वरची सीमा गाडीबाहेर शोधावी लागते. या छायाचित्रात ती तीन ठिकाणी सापडली.

बंपरवरील नंबरप्लेट चिखलाने अर्धी झाकलेली होती, पण पहिले अक्षर ‘बी’ असल्याचे मोठे करून पाहिल्यावर दिसले. जुन्या मुंबई राज्यातील गाड्यांचे क्रमांक ‘बी’ने सुरू होत आणि महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या. आजची ‘एमएच’ पद्धत तर १९८० च्या दशकाच्या अखेरची आहे. म्हणजे या गाडीचे पासिंग १९६० च्या सुमारासचे किंवा त्याआधीचे ठरते. छायाचित्राची तारीख मात्र यावरून ठरत नाही, कारण राज्य बदलले म्हणून जुन्या गाड्यांचे क्रमांक पुसले गेले नव्हते.

दुसरी खूण पार्श्वभूमीत होती. गाडीच्या मागे दगडी भिंतींच्या बैठ्या क्वार्टर्सची रांग दिसत होती. मागे लिहिलेला ‘कोयना’ हा शब्द आणि आजोबा कोयना धरणाच्या कामावर ओव्हरसिअर होते ही माहिती एकत्र केल्यावर ती कोयनानगरची वसाहत असल्याचे कुटुंबातील ज्येष्ठांनी ओळखले. धरणाचे काम १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगरमधील असंख्य घरे कोसळली. त्या रांगेतील घरे तेव्हा पडली होती, हे त्याच वसाहतीत वाढलेल्या घरातील दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे सांगितले. भूकंप ही या चित्राची वरची सीमा झाली.

तिसरी आणि सर्वांत नेमकी खूण बॉनेटवर बसलेली मुलगी. ती या कुटुंबातील आत्या. त्यांचा जन्म १९५७ चा. चित्रातील त्यांचे वय आणि सोबतचा पोशाख पाहता छायाचित्र १९६१ किंवा १९६२ मधील असावे, असा अंदाज घरातूनच आला आणि गटाने तो स्वीकारला. व्हॉल्व्ह, फटी, काचा आणि भूकंप यांच्या चर्चेने मिळालेला १९५३ ते १९६७ असा चौदा वर्षांचा पट्टा एका मुलीच्या वयाने दोन वर्षांवर आणला.

मग लिलावातील जीप कोणती?

इथवर आल्यावर गटातील काहींनी कुटुंबाची हकिकत ही दंतकथा म्हणून निकालात काढली. मला हे घाईचे वाटले होते, आणि पुढील घडामोडींनी तसेच दाखवले. आत्यांनी स्पष्ट सांगितले, की कोयनेची गाडी सरकारी होती, वडिलांना कामासाठी मिळालेली. लिलावातील गाडी त्यांच्या काकांची होती आणि ती गावी शेतावर असे. चुलत घराण्याच्या अल्बममध्ये त्या गाडीचे एक लहानसे छायाचित्र निघाले. त्यात गाडी समोरून दिसते, बॉनेट सपाट आहे, जाळीला नऊ फटी मोजता येतात आणि हेडलाइट जाळीच्या मागे आत बसलेले आहेत. नऊ फटींची पत्र्याची जाळी आणि आत बसवलेले हेडलाइट ही युद्धकाळातील जीपची खूण आहे. हे हेडलाइट रात्री इंजिनचे काम करताना मागे वळवून उजेड पाडता यावा अशा बिजागरीवर असत. कुटुंबाच्या आठवणीत खोटे काहीच नव्हते. दोन भावांच्या दोन जीप पन्नास-साठ वर्षांत एक झाल्या होत्या, आणि जे छायाचित्र भिंतीवर लागले त्याला दोन्हींची हकिकत चिकटली.

हकिकत छायाचित्राला चुकीची जोडली गेली म्हणून ती सोडून देणे म्हणजे दुसरे छायाचित्र कधीच न शोधणे ठरले असते. संग्राहकांनी ‘ही माहिती चूक आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘ही माहिती कोणत्या गाडीची आहे’ असे विचारावे, एवढा फरक या प्रकरणात निर्णायक ठरला.

नोंद आणि हक्क

या प्रकरणानंतर गटाने नोंदीची पद्धत बदलली. पूर्वी प्रत्येक चित्राखाली एक मथळा असे. आता तीन गोष्टी वेगळ्या लिहिल्या जातात : चित्रात प्रत्यक्ष काय दिसते, देणाऱ्याने काय सांगितले, आणि गटाने त्यावरून काय ठरवले. मूळ प्रत कडांसह आणि मागच्या बाजूसह स्कॅन करून तशीच ठेवली जाते. सरळ केलेली, साफ केलेली किंवा रंगवलेली प्रत स्वतंत्र ठेवून तिच्यावर तसे लिहिले जाते. निरोपाच्या ॲपवरून चित्र म्हणून पाठवले की ते दाबले जाऊन बारीक तपशील जातात, म्हणून फाइल दस्तऐवज म्हणूनच मागितली जाते. गटाचे नाव चित्रावर आडवे छापावे की नाही यावर बराच वाद झाला. छापण्याच्या बाजूचे म्हणणे असे, की चित्रे चोरीला जातात. विरोधकांनी आधीच्या काही नमुन्यांकडे बोट दाखवले, ज्यांत ते नाव नेमके जाळीवर येत होते आणि फटी मोजणे अशक्य झाले होते. शेवटी नाव चित्राबाहेरच्या पांढऱ्या पट्टीत गेले.

हक्काचा प्रश्न अधिक अवघड निघाला, आणि तो पूर्णपणे सुटला आहे असे म्हणता येणार नाही. छापील प्रत ज्याच्या घरात आहे तोच छायाचित्राचा मालक, असे बहुतेकांना वाटते. १९५७ चा स्वत्वाधिकार (कॉपीराइट) कायदा तसे मानत नाही. सर्वसाधारणपणे टिपणारा हा कर्ता असतो. मोबदला देऊन टिपवून घेतलेल्या छायाचित्रात, वेगळा करार नसेल तर, टिपवून घेणारा हा पहिला मालक ठरतो. कोयनेचे चित्र आजोबांच्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतले होते एवढेच घरात ठाऊक आहे. स्टुडिओचा शिक्का नाही आणि पैसे दिल्याची आठवण नाही. मुदतीचे नियमही मध्यंतरी बदलले. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीची वेगळी मुदत काढून टाकली. गटाने व्यवहार्य मार्ग घेतला : चित्र विकायचे नाही, टिपणाऱ्याविषयी जे माहीत आहे ते नोंदवायचे, आणि त्याच्या कुटुंबातील कोणी पुढे आले तर त्यांच्या इच्छेप्रमाणे बदल करायचा. चित्रातील व्यक्तींचा प्रश्न कायद्याहून सोपा होता, कारण आत्यांना विचारता आले. त्यांनी चित्र दाखवायला संमती दिली आणि नाव द्यायला नकार दिला.

हिरव्या रंगाची, उलटी, कापलेली प्रत अजूनही इतरत्र फिरते आणि ‘१९४६’ या मथळ्यासह पुन्हा पुन्हा या गटाकडेच येते. तिला उत्तर म्हणून गट आता खुलासा लिहीत नाही. मूळ प्रतीचे स्कॅन तिच्याशेजारी ठेवून दोन्ही एकत्र पाठवतो, आणि खिसे पाहायला सांगतो.

काकांच्या गाडीची नोंद मात्र अपुरी आहे. ती विलीसची की फोर्डची हे समोरून ठरवण्याची एक ठळक जागा म्हणजे जाळीखालचा चासीचा आडवा दांडा : विलीसमध्ये तो गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा. या छायाचित्रात बंपरची सावली नेमकी तिथे पडली आहे. मागच्या पत्र्यावर कंपनीचे नाव उठवलेले असे, पण ते १९४२ मध्येच बंद झाले, आणि गाडीची मागची बाजू दाखवणारे चित्र अल्बममध्ये नाही. बोल्टवरचे फोर्डचे ‘एफ’ अक्षर एवढ्या लहान प्रतीत दिसण्याचा प्रश्नच नाही. ‘एमबी किंवा जीपीडब्ल्यू, जाळीवरून १९४२ किंवा नंतरची’ अशी नोंद केली आहे, आणि चुलत घराण्याकडे निगेटिव्हची विचारणा झाली आहे.